मशीनीत पाऊस पडंना

आमच्या मालकांना टेंभुर्णीत सगळे बद्रीनाथराव म्हणतात, मान देतात. द्या बापहो! तुम्हाला कुठं त्यांच्यासंगं संसार करायचाय?

जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत होते. २००६ साली रिटायर झाले अन् घरी हवामानाचं मशीन आणलं. गच्चीवर वारा-पाऊस मोजायचा खांब, खाली त्याचा डबा अन् कम्प्युटर. ऊन दिसायचं पडद्यावर, वारा दिसायचा. पाऊस मात्र न्हाई! बाहेर नाले भरून वाहून राह्यले अन् पडद्यावर तेवढ्या वेळची जागा कोरी.

"बेबीनंदाच पुसून टाकते," मालक म्हणले.

बेबीनंदा आमची सून. भोकरदनला कम्प्युटरचा क्लास करायची अन् घरी याच कम्प्युटरवर सराव. "मामा, तुमच्या फाईलीला मी हातबी लावत न्हाई," ती म्हणली. ऐकतो कोण! क्लास बंद, कम्प्युटर बंद. परीक्षा तोंडावर आल्ती. पोर पोळ्या लाटता लाटता डोळे पुसायची, कांद्यानं झालं म्हणायची. पोळीत कुठला आलाय कांदा? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मालकांनी मशीनवाल्या कंपनीला पुण्याला फोन लावला. मी बाजूलाच शेंगा फोडत होते. मोबाईलचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं.

"काका, मशीन मधीच बंद तर करत नाही ना?" तिकडच्या माणसानं विचारलं.

"बिलकुल न्हाई! चोवीस तास चालू."

तेवढ्यात आभाळ गडगडलं. फोन कानाला तसाच, अन् मालक ओरडले, "बेबीनंदा, विजा होऊन राह्यल्या, जल्दी बटन बंद कर!"

हे रोजचंच. आभाळ वाजलं की टीव्ही बंद, कम्प्युटर बंद. हुकूम यांचाच, अन् मशीनचा डबाबी त्याच बोर्डावर!

फोनवरचा माणूस म्हणला, "काका, बंद मशीनीत पाऊस कसा पडंल?"

"चुकलो राव! ध्यानातच न्हाई आलं," मालक हसले. फोन ठेवला अन् मला म्हणले, "चहा टाक."

"चहा? अहो, पोरीवर खोटा आळ घेतला, तिचा क्लास तोडला, अन् चहा पाहिजे? उद्या तुम्हीच तिला गाडीवर परीक्षेला न्यायचं. अन् वाटेत सांगायचं, चुकलो म्हणून!"

सकाळी निमूट गाडी काढली त्यांनी. संध्याकाळी मी सुनेला विचारलं, "काय म्हणले गं?"

"पेपर नीट लिही म्हणले, आत्या."

"अजून?"

"बस, एवढंच."

सराव तुटलेला. थोडक्यात नापास झाली पोर.

अन् पुण्याच्या त्या माणसाला, ज्याचं तोंडबी यांनी कधी पाह्यलं न्हाई, त्याला मालक लगेच 'चुकलो' म्हणले. बेबीनंदाला अजून म्हणले न्हाईत.