वेल्सकडचे महाराज

मुरलीधरपंतांनी जन्मभर नागपूरच्या वीज कार्यालयात नोकरी केली आणि लोकांवर यथेच्छ डाफरले. निवृत्तीनंतर मुलाने, अपूर्वने, त्यांना इंग्लंडात, बेसिंगस्टोकला आणलं. इथे डाफरायला कुत्रंसुद्धा नव्हतं. घर सगळं करडं. भिंती करड्या, सोफा करडा, आकाशाचं तर विचारूच नका. पंतांच्या वाट्याला हॉलमधली एक खुर्ची आली.

एकदा जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपमध्ये त्यांना दोनशे वर्षांपूर्वीचं एक छापील चित्र दिसलं. वेल्समधली दंतकथा. राजाने सगळे शाहीर मारले, एक म्हातारा तेवढा उरला. तो वादळात कड्यावर उभा, दाढी उडतेय, काखेत हार्प, आणि हात उगारून खालच्या फौजेला शिव्याशाप देतोय. ते झाले की उडी टाकणार. ‘अरे, हा तर मीच!’ पंत म्हणाले, आणि चित्र खुर्चीच्या वर टांगलं.

सून कस्तुरी बिथरली. “बाबा, जीव द्यायला निघालेला माणूस हॉलमध्ये? किती निगेटिव्ह एनर्जी! गणपती झाले की हे परत चॅरिटी शॉपला.” अपूर्वने बायकोकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, मग फोनमध्ये डोकं घातलं. शूर मुलगा! अख्ख्या इंग्लंडात पंतांना आपलं म्हणावं असं ते चित्र तेवढंच होतं.

गणपतीला घर भरलं. आरतीनंतर पाहुण्यांतल्या सुचेतावहिनी तबक घेऊन फिरता फिरता चित्रापुढे थबकल्या. दाढी, वीणेसारखं काहीतरी, वर केलेला हात. त्यांनी काचेवर कुंकू टेकवलं. “काय तेज आहे हो! आशीर्वादाचा हात बघा. कुठले महाराज?”

कस्तुरीने तोंड उघडलं, पण पंतांनी आधीच ठोकून दिलं, “वेल्सकडचे. कडक आहेत, पण पावतात.” अर्धं तरी खरंच होतं की!

आणि नेमका वहिनींच्या जावयाचा अडकलेला व्हिसा सुटला. मग काय विचारता! गावातली मराठी मंडळी दर गुरुवारी हजर. निगेटिव्ह एनर्जीवाली कस्तुरी स्वतः हार घालू लागली. चित्र काढायचं नाव काढेल कोण?

पंत जिंकले. फक्त खालची खुर्ची नमस्कार करणाऱ्यांच्या पायात यायला लागली, म्हणून अपूर्वने ती उचलून गॅरेजमध्ये ठेवली. “बाबा, तिथे तुम्हाला शांत वाटेल.”

आता गुरुवारी सगळे हॉलमध्ये चित्रातल्या म्हाताऱ्यापुढे वाकतात. घरातला म्हातारा गॅरेजमधल्या वॉशिंग मशीनशेजारी बसून असतो, कुणी आठवणीने प्रसाद आणून देईल म्हणून.