पत्र्याची खोली

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि सासूला आत्या. आमच्यात तीच रीत. मामांनी जन्मात कुणापुढे हात पसरला नाही, कुणाचं ऐकून घेतलं नाही, आणि बायकोवर आपला जीव आहे हे तोंडानं कधी कबूल केलं नाही. ते त्यांनी एकदाच दाखवलं, तेही पत्र्याची खोली बांधून. त्याच खोलीत आत्या गेल्या. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ही हकिगत ऐकताना लोक मध्येच हसायला लागतात आणि मग मला राग येतो.

हसण्यासारखं होतंच म्हणा. आमचं घर निमोण्यात. थोडी शेती होती, पण दिवाळी उरकली की मेंढरं घेऊन खाली भीमेच्या अंगाला उतरायचं, ते पावसाच्या तोंडावर माघारी यायचं. वाटेत शेतकरी रात्री मेंढरं रानात बसवून घेतात. त्यांना फुकटचं खत मिळतं, बदल्यात आम्हाला धान्य. चार दिवस या रानात, चार दिवस त्या. झोपायचं उघड्यावर, शेकोटीच्या कडेनं, घोंगडी पांघरून. माझं माहेर कधीच मेंढरं विकून बागायतीला लागलेलं, त्यामुळे मला चार भिंतींची सवय. लग्नानंतरचा पहिला हिवाळा मी दात वाजवत काढला. आत्या हसायच्या. "मेंढरागत अंगाला अंग लावून नीज, पोरी. थंडीला लाजून कसं चालंल?"

त्यांना स्वतःला मात्र दमा होता. नदीकाठच्या उसाच्या रानात पहाटे जी ओली थंडी उतरते, ती त्यांच्या छातीत जाऊन बसायची. मग रात्र रात्र त्या गुडघ्यांत मान घालून बसून काढायच्या. खोकला इतका की कुत्रीसुद्धा उठून त्यांच्याकडे बघायची. शिरूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पुढचा हिवाळा उघड्यावर काढला तर ही बाई टिकायची नाही. मामा म्हणाले, तिला घरी ठेवू. आत्या म्हणाल्या, "घरी काय भिंतीसंगं बोलत बसू? आन् कोकरं कोन बघनार, तुमी?" त्यांचंही बरोबर होतं. आईनं लाथाडलेलं कोकरू दुसरीच्या कासेला लावावं तर ते आत्यांनीच.

तेव्हा मामांनी सामान वाहायची घोडी विकली आणि एक मोडका टेम्पो घेतला. शिरूरच्या वेल्डरकडून त्याच्या पाठीवर पत्र्याची खोली करवून घेतली. आत झोपायला रुंद फळी, फळीखाली लहान कोकरांना खण, आणि घट्ट बसणारं दार. रंगसुद्धा दिला, हिरवा. टेम्पो गावात आला तेव्हा पारावरची मंडळी म्हणाली, "बंगला निघाला बघा चाकावर!" मामांनी कुणाकडे बघितलं नाही. आत्यांनी आत डोकावून, "ह्या डब्यात कोंडून मला कुठं धाडताय?" म्हणून विचारलं खरं, पण फळीवरून हात फिरवत त्या बराच वेळ आत बसून राहिल्या.

पहिली रात्र इनामगावाजवळ घोडनदीच्या काठाला पडली. आणि तिथंच बंगल्याची अब्रू गेली. पत्रा असा गारठला की हात लावला तर चटका बसावा. आतल्या श्वासांची वाफ वर जाऊन थेंब थेंब आत्यांच्या अंगावर गळायला लागली. पहाटे त्या घोंगडी ओढत बाहेर आल्या आणि शेकोटीशी बसत म्हणाल्या, "त्यापरीस भाईर बरं हुतं की!" मामांचा चेहरा पडला. तो चेहरा मी विसरले नाही, कारण पुढचं सगळं त्या चेहऱ्यानं घडवलं.

आता खोली तापवायची कशी? रानात वीज कुठली? विहिरीवरच्या मोटारींनाच ती रडतखडत यायची. टेम्पोच्या बॅटरीवर एक पिवळा दिवा लागायचा, त्यानं उजेड व्हायचा, ऊब नाही. मामा इरेला पेटले. शेकोटीत धोंडे तापवून पोत्यात गुंडाळून फळीवर ठेवले, ते मध्यरात्रीच्या आत गार. उकळत्या पाण्याचा हंडा ठेवला, तो कोकरांनी लवंडला. आमचे हे म्हणाले, "आबा, रॉकेलचा स्टोव्ह ठिवू." मामांनी त्यांना वेड्यात काढलं. धुरानं दमेकऱ्याचं काय होतं, हे त्यांना कळत होतं.

मग त्यांनी आमच्या पूर्वापार चालीतलं काढलं. घमेल्यात बाभळीचे निखारे, त्यावर वाळक्या लेंड्या, वरून राख. असा विस्तव सकाळपर्यंत धुमसत राहतो. उघड्यावर आमच्या किती पिढ्या त्याच्या उशाशी झोपल्या आणि धडधाकट उठल्या. मामा घमेलं आधी बाहेर ठेवायचे, धूर पुरता विरला की मग आत न्यायचे. धूर नाही म्हणजे धोका नाही, हा त्यांचा हिशोब, आणि माझाही तोच होता. आमच्यापैकी कुणीच आजवर बंद दाराआड विस्तव घेऊन झोपलं नव्हतं. आमच्या शहाणपणाला कायम डोक्यावर आभाळ होतं, ते काढून घेतल्यावर काय होतं हे सांगणारं म्हातारं माणूस आमच्यात नव्हतंच.

त्या रात्री आत्या गाढ झोपल्या. सकाळी म्हणाल्या, "पाय गरम हुतं गं माझं! हिवाळ्यात पाय गरम, ह्ये पयल्यांदा बघतीया." मामा नुसतं "हं" म्हणाले आणि मेंढरांकडे निघून गेले, पण चालणं बदललं होतं.

पुढे रोज संध्याकाळी ते खोलीची एकेक फट हुडकायचे. कुठं चिंध्या, कुठं पोत्याचा तुकडा, त्यावर शेणाचा लेप. जसजशा फटी बुजल्या तसतसा आत्यांचा खोकला कमी झाला. आम्ही बाहेर झोपणारी माणसं कान देऊन ऐकायचो, आत शांत असलं की समाधानानं कूस बदलायचो. 

सकाळी मात्र आत्यांचं डोकं ठणकायचं. उलटी व्हायची. पित्त झालं म्हणून आम्ही कोकम दिलं, कपाळाला सुंठ लावली. मग आतली कोकरं मरायला लागली. रात्री दूध प्यालेलं कोकरू सकाळी पाय ताणून पडलेलं. मेंढरातली एकूण एक दुखणी मामांना तोंडपाठ, त्यामुळे त्यांनी दुखणंच शोधलं. औषध पाजलं, तापल्या सळीनं डाग दिले, आणि जी कोकरं मलूल दिसली ती उबेला म्हणून घमेल्याच्या आणखी जवळ बांधली. मी म्हणाले, "मामा, भाईर जाळीत कोंडल्यालं एकबी कोकरू मेलं न्हाई. आतलीच का मरत्यात?"

"तुला मेंढरातलं काय कळतंय? तुमी कांदं लावनारी मानसं," मामा म्हणाले. संपलं.

एका रात्री आत्यांच्या सोबतीला मी आत झोपले. जाग आली तेव्हा डोक्यात घण पडत होते आणि पाय माझे नव्हतेच. सरपटत जाऊन मी दार ढकललं आणि बाहेर पडले. गार वारा आत आला तसा आत्यांना खोकल्याची उबळ आली आणि तिच्या आवाजानं मामा धावत आले. "मारायची हाय का तिला?" म्हणत त्यांनी दार लावून घेतलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काय होतं? डोकं दुखतं, एवढंच. डोकं तर माझं त्या घरात रोजच दुखायचं.

भीमा ओलांडून आम्ही खुटबावला एका बागायतदाराच्या रानात उतरलो. त्या संध्याकाळी मामांना दारावरच्या अंगाला शेवटची मोठी फट सापडली. ती त्यांनी निगुतीनं लिंपली, लांब होऊन बघितली, पुन्हा बोट फिरवलं.

सकाळी आत्या उठल्या नाहीत. त्यांच्या पायाशी बांधलेली कोकरंही नाहीत.

मळ्यातल्या बायका मदतीला आल्या. आत्यांचा चेहरा लालसर, टवटवीत दिसत होता, माझ्या लग्नात नव्हता इतका. एक म्हातारी म्हणाली, "काय त्याज आलंया मावलीवर! पुन्यवान जीव." मामांनी ते ऐकलं. हात लावून बघितलं, अंग अजून कोमट होतं. "गारठून न्हाई गेली," ते म्हणाले. मग मेंढरांत जाऊन खाली बसले.

बागायतदारानं गावातल्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी आत्यांचं तोंड बघितलं, कोकरं बघितली, घमेलं बघितलं, दाराच्या लिंपणावरून हात फिरवला आणि आमच्या ह्यांना व मला बाजूला घेतलं. बंद जागेत निखाऱ्याचा विषारी वायू साठतो, म्हणाले. त्याला धूर नसतो, वास नसतो, माणूस झोपेतच जातो आणि चेहरा असा लाल, टवटवीत दिसतो. "त्रास झाला नसेल," असंही म्हणाले.  डॉक्टर गेल्यावर हे माझा दंड धरून म्हणाले, "आबाला ह्यातलं कायबी कळता कामा न्हाई. मरंल त्यो." मी मान हलवली. मला ते पटलं होतं, आजही पटतं.

आत्यांना निमोण्याला न्यायचं तर वाहन तेच. मामा आत त्यांच्याजवळ बसले. आमच्या ह्यांनी दार उघडंच ठेवलं तर आतून आवाज आला, "दार लाव की. वारं लागंल तिला." ह्यांनी अर्धं लावलं आणि गाडी चालवता चालवता हा बाप्या माणूस मोठ्यानं रडत होता.

त्यानंतर मामा बोलके झाले. आयुष्यभर मुका राहिलेला माणूस भेटेल त्याला सांगायला लागला की म्हातारीचा शेवट सुखात झाला, तिचे हातपाय गरम होते, आपण तिला थंडीत मरू दिलं नाही. लोक म्हणायचे, "बाईचं नशीब!" मी भाकरी थापत ऐकायचे आणि तव्यावर ती करपायची.

पुढच्या हिवाळ्यात माझा मुलगा काही महिन्यांचा होता. त्याला घेऊन मी त्याच खोलीत झोपायचे. कोकरांना हवा लागते असं काहीतरी सांगून ह्यांनी पत्र्याला छिन्नीनं खिडकीएवढं भोक पाडलं होतं. मी बाळाला छातीशी घेऊन दोन घोंगड्यांत रात्र काढायचे. बाळ शिंकलं की मामा बाहेरून विचारायचे, "गारठलं का गं?"

एक दिवस हे बाजारासाठी दौंडला गेले आणि रात्री तिथंच अडकले. थंडी कडाक्याची होती. मी बाळाला पाजत होते, तोच मामा आले. त्यांनी आधी भोकात पोत्याचा बोळा कोंबला. मग बाहेर जाऊन घमेलं घेऊन आले. निखारे, लेंड्या, राख, सगळं नीट बसवलेलं, धूर विरलेला. बाळाकडे बघून हसले. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदाच बघत होते.

"मामा, नको. त्याला उकडतंय."

"उकडतंय कसलं? नाक बघ त्याचं, बर्फावानी झालंय." घमेलं ते फळीखाली सारायला लागले.

"मामा, मी म्हनते नको!"

"अगं, ह्याच्या आजीला हितं कवा थंडी लागली न्हाई. तुला काय धाड भरलीया?"

आमचे हे असते तर काहीतरी थाप मारून त्यांनी वेळ मारून नेली असती. मला थाप सुचली नाही. सुचली असती तरी मी कामाला बाहेर गेल्यावर, नाहीतर मी झोपल्यावर, त्यांनी मायेनं घमेलं आत सरकवलंच असतं. उद्या नाही तर परवा. मी बाळाला घट्ट धरलं आणि डॉक्टर जे बोलले होते ते जसंच्या तसं सांगितलं. कोकरांचं सांगितलं, आत्यांच्या टवटवीत चेहऱ्याचंही सांगितलं. आवाज चढवला नाही.

मामा घमेल्याच्या कडा धरून तसेच उकिडवे बसले होते. मग ते उठले, घमेलं बाहेर नेलं आणि लांब जाऊन मातीत पालथं केलं. परत येऊन भोकातला बोळा काढला. दाराशी उभे राहिले, आत आले नाहीत.

"तिला कळलं असंल का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मामा. झोपेतच गेल्या. त्यांना काय बी कळलं न्हाई."

त्यांनी मान हलवली.

"मग मलाबी कळू द्यायचं न्हवतं, पोरी," ते म्हणाले आणि मेंढरांकडे चालू लागले.