खांबाला टाळी

समोरच्या टोकाला गोल झाला की सगळ्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडायच्या. माझी धाकटी बहीण गोलकीपर. ती मैदानाच्या या टोकाला एकटीच असायची आणि आपल्या गोलच्या लोखंडी खांबाला टाळी द्यायची. एकदा मी म्हटलं, "तूपण जावंस की पळत."

"ताई, मी गेले तर इथं कोण?"

मला आई आठवली. बाहेरच्या खोलीत हसणं रंगलेलं असायचं आणि ती आत गॅसवरच्या दुधापाशी उभी असायची.

बारा वर्षं खेळून परवा बहिणीचा शेवटचा सामना झाला. पोरी निघून गेल्यावर ती ग्लोव्हज काढून परत गोलपाशी गेली. उघड्या हातानं तिनं खांबाला टाळी दिली, आणि हात बराच वेळ तिथंच ठेवला.