अव्वल कारकुनाचा नेम

धम्मदीप श्रीपती लोंढे, वय त्रेपन्न, राहणार सणसर, तालुका इंदापूर. हुद्दा अव्वल कारकून. बांधा मध्यम, रंग सावळा, डाव्या भुवईवर जुना व्रण. विधुर. व्यसन नाही. छंद : एअर पिस्तूल नेमबाजी, नवशिका. हात स्थिर, कंप आढळून येत नाही.

असली वर्णनं लिहिण्यात लोंढ्यांची उमेदीची वर्षं खर्ची पडली होती. वाळूसकट पकडलेला ट्रॅक्टर असो की वारस म्हणून उभा राहिलेला चुलता, ते त्याला चार ओळींत बसवत. दीड वर्षापूर्वी त्यांची बायको मेघना गेली, तेव्हा मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज त्यांनी स्वतःच लिहिला. एकही खाडाखोड नाही. रडले नाहीत. भेटायला आलेल्यांना तो आधी धीर वाटला, मग जरा विचित्र वाटलं, आणि मग ज्याला त्याला उसाला पाणी द्यायचं होतं.

पिस्तूल मुळात त्यांच्या मुलीचं, दिशाचं. बारामतीला फार्मसी शिकताना तिला नेमबाजीचा नाद लागला आणि परवडेल ते, म्हणजे दुकानातलं सगळ्यात स्वस्त पिस्तूल तिनं घेतलं. नळी जोर लावून खाली मोडायची, छर्रा बसवायचा, नळी परत मिटवायची, तेव्हा कुठं एक बार. बार झाला की स्प्रिंगचा हिसका. वर छर्रा डावीकडं जायची खोड. आई गेल्यावर दिशानं ते कपाटावर टाकलं. पुढं डॉक्टरांनी लोंढ्यांना सांगितलं, "काहीतरी छंद लावून घ्या," म्हणून त्यांनी ते खाली काढलं. कपाटावर हार्मोनियम असती तर हार्मोनियम काढली असती.

घरामागच्या रिकाम्या गोठ्यात त्यांनी टेपनं दहा मीटर मोजले. पलीकडच्या भिंतीशी एक खोकं ठेवलं आणि त्यात दिशाची स्पर्धा परीक्षेची मार्गदर्शकं ठासून भरली. त्या पुस्तकांत एवढं खोल आजवर काही शिरलं नव्हतं.

"पप्पा, निशाणाकडं बघायचं न्हाई," दिशानं पहिल्या दिवशी सांगितलं.

"मग कुठं बघू?"

"नळीच्या टोकाला ही माशी हाय ना, हिच्याकडं. माशी स्वच्छ दिसली पायजे, निशाण अंधुक. नव्या माणसाला तेच जमत न्हाई."

लोंढ्यांना पहिल्याच दिवशी जमलं. पुढ्यातलं सगळं अंधुक ठेवायचा त्यांना आता बराच सराव होता.

छापील निशाणं बारामतीहून आणावी लागली असती. घरात जाड कागद पडून होता. मेघनाच्या जलदान विधीच्या निमंत्रणाची उरलेली कार्डं. छापखान्यानं जरा जास्तच छापली होती, आणि पाठ कोरी होती. लोंढ्यांनी त्या पाठीवर वाटीनं वर्तुळ काढलं, आत बाटलीच्या झाकणानं दुसरं. पातळ कागद फाटतो, जाड कागदात भोक स्वच्छ पडतं, एवढाच विचार त्यामागं होता. रोज कचेरीतून आल्यावर चहा, मग गोठा.

शेजारचे आप्पासाहेब डाळिंबवाले. तिसऱ्या दिवशी ते कुंपणाशी उभे.

"धम्मदीपराव, एवढं हाय तर माझ्या बागंतली पाखरं हाणा की जरा!"

"पाखरं न्हाय मारत आमी."

"व्हय, तुमचं पंचशील. मग बंदूक कशाला घेतलीया?"

"कागदाला."

"कागदानं काय घोडं मारलंय तुमचं?"

लोंढे नळी मोडत राहिले. आप्पासाहेबांनी जरा वाट बघितली आणि डाळिंबाकडं निघून गेले.

मार्चअखेर दिशाला पुण्यात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. शनिवारपर्यंत तिनं बॅग भरलीच नाही. न बोलणारा बाप आणि त्याच्या हाती पिस्तूल, असं घर मागं ठेवून जायला तिचं मन घेईना. हा माणूस एकदा जरी कशानं हलला, तर आपण जाऊ. नाहीतर नोकरीला नाही म्हणू, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. अशी अट घालण्यात अर्थ नाही, हे तिलाही कळत होतं.

त्या दुपारी सुतळी शोधायला ती गोठ्यात गेली, आणि वापरलेल्या कार्डांचा गठ्ठा तिच्या हाती लागला. तिनं एक उलटलं. कालकथित मेघना, खाली आईचा फोटो. फोटो शाबूत. वर्तुळ प्रत्येक कार्डाच्या खालच्या अर्ध्या भागात होतं, आणि पलीकडून त्या जागी छापलेलं होतं : शोकाकुल, धम्मदीप श्रीपती लोंढे. खाली इतर परिवार. परिवाराला फारसा धक्का नव्हता. पण 'शोकाकुल'ची आणि तिच्या बापाच्या नावाची कार्डामागून कार्डावर चाळण झाली होती.

लोंढे दारात येऊन उभे राहिले.

"पप्पा, ही आईची कार्डं हायत."

"माहीत हाय."

"आणि ही भोकं कशावर पडल्यात, ते?"

"खाली नेम धरायला बरं पडतं." मग ते म्हणाले, "छर्रा डावीकडं जातो. म्हणून थोडं उजवीकडं धरावं लागतं."

दिशा एकेक कार्ड उलटत गेली. तळाच्या एका कार्डावर वर्तुळ वरच्या अर्ध्यात होतं, बरोबर फोटोच्या पाठीमागं. आत भोक एकही नव्हतं.

"हे?"

"ते काढताना उलटं धरलं गेलं. ध्यानात आलं न्हाय."

"मग? नेम चुकला?"

"न्हाय." लोंढे खोक्याकडं बघत होते. "वारं आलं, कार्ड उलटलं. पलीकडचं दिसलं."

"मग काय केलं?"

"चाप वडलाच न्हाय. छर्रा काढून ठिवला."

दिशानं ते कार्ड वेगळं काढलं, बाकीच्या गठ्ठ्याला सुतळी बांधली आणि आत जाऊन बॅग भरायला घेतली. लोंढ्यांनी चहा टाकला. साखर दोनदा घातली गेली.

सोमवारी त्यांनी तिला बारामतीच्या स्टँडवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत थांबले, मग कचेरीत गेले. तिनं जाताना छापील निशाणांचा एक गठ्ठा आणून दिला होता. संध्याकाळी ते गोठ्यात गेले आणि त्यावर दहा बार टाकले. तीन आत गेले, बाकीचे भिंतीवर.

वरच्या वर्णनात दुरुस्ती : हात हलतो.