दशम्या कोणी खाल्ल्या

दहा वर्षं मी मुंबईला जात होतो आणि दहा वर्षं घरी येऊन एकच वाक्य टाकत होतो: "काही नाही गं तिथं. घाम आणि गर्दी."

धडधडीत खोटं. मला मुंबई जाम आवडायची. त्याहून वाईट म्हणजे मुंबईत मला मी स्वतः आवडायचो. नगरला, सावेडीतल्या घरी ते कधी जमलं नाही.

नगरच्या एका शिक्षण संस्थेत मी कारकून. दर दोन-तीन महिन्यांनी शाळांच्या फायली घेऊन मुंबईच्या एका सरकारी कार्यालयात जायचं आणि सही-शिक्का घेऊन यायचं. काम अर्ध्या दिवसाचं, पण घरी मी दोन दिवसांचं सांगायचो. साहेब रजेवर आहेत, साहेब मीटिंगला आहेत, साहेबांची सासू वारली. त्या सासूला मी दहा वर्षांत तीनदा मारलं. बायकोनं तिन्ही वेळा हळहळ व्यक्त केली.

त्या वर्षांत माझी आई अंथरुणाला खिळलेली होती. अर्धं अंग लुळं. तिला कुशीवर वळवणं, भरवणं, धुणं-पुसणं, सगळं बायको करायची. एकदाच ती म्हणाली होती, "मला एकदा समुद्र बघायचाय." मी म्हणालो, "आईला कोण बघेल?" मुद्दा बिनतोड होता. माझ्या सोयीचाही होता.

मी निघायचो त्या दिवशी ती चारला उठून दशम्या करायची. ज्वारीचं पीठ दुधात मळून केलेली भाकरी, दोन दिवस मऊ राहते. सहा दशम्या, वर शेंगदाण्याची चटणी, स्टीलचा डबा, डब्याला फडकं. "बाहेरचं खाऊन पोट बिघडतं तुमचं." माझं पोट दगड पचवेल असं आहे, पण आपल्यासाठी कुणी चारला उठत असेल तर ते सांगायचं कशाला?

पहिल्याच खेपेला ग्रँट रोडच्या लॉजबाहेर पायरीवर मी डबा उघडून बसलो होतो. खायला नव्हे, विल्हेवाट लावायला. एक मरतुकडं कुत्रं हेरून ठेवलं होतं. तेवढ्यात शेजारच्या पानटपरीतून आवाज आला, "पाव्हणं, नगरचे का?"

"कशावरून?"

"चटनीवरून. मी पारनेरचा."

तीस वर्षं मुंबईत काढलेला, विधुर, खानावळीत जेवणारा माणूस. त्यानं दशमीचा तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि पुढचं पानाचं गिऱ्हाईक चक्क हाकललं. सौदा तिथंच ठरला. डबा त्याचा, आणि बदल्यात मुंबई माझी. दर खेपेला दशमी चावत तो मला वाटेला लावायचा. "आज सकाळी भेंडी बाजारात नळी निहारी खा. नऊच्या आत जा, मागनं नुसता रस्सा राहतो." "आज माटुंग्याला इडली. सांबार दुसऱ्यांदा मागा, लाजू नका." कधी इराण्याकडं खिमा-पाव, कधी मोहम्मद अली रोडला मातीच्या बशीतली फिरनी. एका संध्याकाळी त्यानं मला एका परमिट रूममध्ये धाडलं. तिथं एक बाई माईकवर जुनी गाणी म्हणायची. मी कोपऱ्यात क्वार्टर घेऊन बसायचो आणि ती आपल्याकडे बघून गातेय असं समजायचो. बाई घड्याळाकडे बघून गायची. घड्याळ माझ्या डोक्यावर होतं.

रिकामा डबा घेऊन घरी आलो की बायको विचारायची, "पुरल्या का?"

"पुरल्या."

"चटणी?"

"झकास."

मी त्या दशम्यांचा एक घासही कधी खाल्ला नव्हता.

आई गेली. वर्ष सरल्यावर बायको म्हणाली, "आता?" माझ्याकडे एकही कारण उरलं नव्हतं. मी धोरणानं दादरला खोली घेतली, ग्रँट रोडपासून लांब. पहिल्या दिवशी तिला समुद्र दाखवला. ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "एवढा मोठा आहे, आणि तुम्ही एकदाही सांगितलं नाही." दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "मला तुमचं ते लॉज बघायचंय. जिथं तुम्ही हाल काढलेत."

मी पाय दुखतोय म्हणालो. तिनं पिशवीतून बामची डबी काढली.

लॉजच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत मी मनात टपरी बंद असू दे म्हणत होतो. टपरी उघडी होती.

"या पाव्हणं! लई दिवसांनी! डबा हाय ना?"

डबा होता. नगरहून निघताना मी नको म्हणत असताना तिनं चारला उठून केलेला. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कसला डबा, भाऊ?"

"तुमी वैनी व्हय?" तो गडी चुन्याचे हात पुसत खालीच उतरला. वाकून नमस्कार केला. "वैनी, दहा वर्सं झाली, तुमच्या हातचं खातोय. मधी तुमी चटनीत लसून वाढवलात, ते बेस केलं."

"सासूबाईंना आवडायला लागला होता," ती हळूच म्हणाली.

मला हे माहीत नव्हतं.

"आन एकदा," तो म्हणाला, "दशमीत मीठच न्हवतं. एक बाजू करपलेली. मी ह्यांना इचारलं, घरी समदं ठीक हाय ना? हे म्हनले, ठीक हाय."

बायकोला ती खेप आठवली. मलाही आठवली. आईला दुसरा झटका येऊन आठवडा झाला होता. झटका आला तेव्हा मी परमिट रूममध्ये होतो आणि फोन बंद होता. शेजारच्यांच्या रिक्षात घालून तिनं एकटीनं आईला दवाखान्यात नेलं. पुढचे सात दिवस ती धड झोपली नव्हती. तरी राहिलेल्या सहीसाठी मला पुन्हा निघायचं म्हणून तिनं पीठ मळलं होतं.

आता ही रडेल, नाहीतर मला तिथंच सोलेल, असं वाटलं. मी दोन्हीला तयार होतो. तिनं डबा उघडला, तीन दशम्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि तीन मागे ठेवल्या. "ह्या ह्यांच्या. बाहेरचं खाऊन पोट बिघडतं ह्यांचं. आणि भाऊ, ह्यांना जिथं जिथं धाडलंत, तिथं आता मला धाडा."

"सगळीकडं?"

"सगळीकडं."

तो माझ्याकडे बघत चाचरला. "वैनी, येक ठिकान बायामानसांचं न्हाई…"

"तिथं आधी."

दीड दिवस माझी बायको मुंबई जेवली. तिनं निहारीतली नळी ताटलीवर आपटून आतला गर काढला, दुसऱ्यांदा सांबार मागितलं, फिरनीच्या दोन बश्या संपवून मातीची बशी आठवण म्हणून पिशवीत टाकली. परमिट रूममध्ये फॅमिली सेक्शनला बसून लिंबू सोडा पीत तिनं निकाल दिला, "गळा बरा आहे. पण किती दमलीय हो ती." प्रत्येक टेबलावर मी समोर बसून शिळी दशमी चावत होतो. वेटर विचारायचे, साहेबांना काय? ती सांगायची, "साहेबांचा डबा आहे."

दशमी फार चांगली होती. किंचित गोडसर, लसणाच्या चटणीशी झकास जुळणारी. हे मी तिला सांगायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "खा मुकाट."

सावेडीत परतल्यावर शेजारणीनं फाटकातच विचारलं, "कशी आहे हो मुंबई?"

"काही नाही," बायको म्हणाली. "घाम आणि गर्दी." माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

आता फायली कॉम्प्युटरवरूनच जातात, त्यामुळे माझं जाणं थांबलं. ती जाते. सोबत परगावची धाकटी जाऊ असते, कधी दोन दिवस, कधी तीन. कुठं गेली होतीस, हे मी विचारत नाही. तो अधिकार मी निहारीसोबत खाऊन बसलोय. मागच्या खेपेला ती निघायच्या दिवशी मीच चारला उठलो. दुधात पीठ मळलं, थापताना चार मोडल्या, सहा कशाबशा जमल्या. तिनं डबा उचलला.

दुपारी टपरीवरून फोन आला.

"पाव्हणं, ह्या दशम्या कुनी केल्या?"

"मी."

"मीठ इसरलात. वैनी हितं माझ्यापुढं झ्याक बसल्यात. मंग तिकडं घरी समदं ठीक हाय ना?"

मी ओट्याकडे पाहिलं. पीठ मिक्सरवर, पीठ खिडकीत, पीठ माझ्या चष्म्यावर. आतल्या खोलीत आईची रिकामी कॉट.

"नाही," मी म्हणालो, आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागलो.