भावाचा श्रीमंत देश

माझ्या धाकट्या भावाचा मला राग येतो. आधीच सांगून टाकते, मागून कोणी म्हणायला नको की बहीण असून हिचं तोंड असं कसं चालतं. दर उन्हाळ्यात तो त्या टिकलीएवढ्या देशातून रायपूरला यायचा, सोफ्यावर पसरायचा आणि तो देश श्रीमंत काहून आहे याचं प्रवचन लावायचा. शिस्त म्हणे. बंदर म्हणे. लाच नाही, कचरा नाही, साहेब वेळेवर खुर्चीत. मी सरकारी ऑफिसात आहे, त्यामुळे टोमणा कोणाला आहे ते मला बरोबर कळायचं.

"त्यांच्या जमिनीत काहीच नाही, ताई. ना कोळसा, ना लोखंड. अन् आपल्याकडे पहा."

आपल्याकडे मी रोजच पाहते. सिलतराच्या कारखान्यांची काळी धूळ आमच्या गच्चीवर बसते. सकाळी झाडलं की संध्याकाळी पुन्हा पावलं उमटतात. आईचा दमा त्याच धुळीत वाढला. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. जशी काही उशीची खोळ आहे, काढली अन् दुसरी घातली.

त्या वर्षी तो दोन बॅगा घेऊन आला, एक भरलेली, एक रिकामी. आम्हा विदर्भाकडून आलेल्यांच्या घरात परदेशातला पोरगा रिकामी बॅग आणतोच. आईनं उन्हाळाभर घातलेल्या कुरडया, पापड, शेवया त्यात जातात. पण त्या वर्षी आईच्यानं वाळवण झालंच नव्हतं, आणि ते त्याला फोनवर सांगितलं होतं. तरी सवयीनं रिकामी बॅग आली. वर्षभर फोनवर हा तिला सांगत होता की तिथं हवा इतकी साफ, खिडकी उघडी ठेवली तरी बोटाला धूळ लागत नाही. मग तिनं काय समजावं?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ती रिकामी बॅग उघडली, तर आत आईच्या सुती साड्या, दम्याचा पंप, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण. आई दारात उभी होती.

"स्वेटर ठेवू का रे? तिथं एसी लय असते म्हणतेत."

तो माझ्याकडे पाहायला लागला. मी मुळीच मदतीला गेले नाही.

"सांग तिले," मी म्हटलं. "एरवी तर रोज सांगून राहिला."

त्यानं सांगितलं. आईबापाला तिथं कायमचं ठेवायचं तर पगार एका हद्दीच्या वर लागतो, याचा तेवढा नाही. चार दिवस फिरायला चालतं, राहायला नाही.

माझं डोकंच फिरलं. याचा गोवर, याची शाळा, सायकलवरून पडून मोडलेला हात, सगळं रायपूरनं निभावलं. कमावता झाला तेव्हा तो देश आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला, आणि म्हातारी माणसं मात्र आमच्याच गळ्यात. "कायची शिस्त रे?" मी म्हटलं. "वाढवायचं आम्ही, मरेस्तोवर सांभाळायचं आम्ही. मधलं तेवढं त्यांचं. असा तर कोणीबी श्रीमंत होते."

"नियम मी नाही बनवले, ताई."

"पण गुण तर तूच गातो."

आई खाटेवर टेकली होती. आमचं भांडण तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. तिनं त्याला वेगळंच विचारलं.

"अन् तू म्हातारा झाल्यावर?"

तो खाली पाहत बोलला. "नोकरी संपली का तिथं राहायचा परवाना संपते, आई. मलेबी निघावं लागन."

आईनं बॅगेतून एकेक साडी काढून मांडीवर घेतली. धाप लागली म्हणून जरा थांबली. मग माझ्याकडे वळली.

"मी गेल्यावर याले घरात घेजो."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी हो म्हटलं नाही.