माहेरचं मीठ आणि लाल बिल्ड

दिनानाथला थांबलेली वस्तू बघवत नसे. पंखा थांबला की तो काठीने ढोसायचा, घड्याळ थांबलं की हलवायचा, आणि लग्नात मंगलाष्टकं म्हणणारे भटजी श्वास घ्यायला थांबले तरी याचा अंगठा काहीतरी दाबायला शिवशिवायचा. दोष त्याचा नव्हता. रोह्याजवळच्या एका कारखान्यात ऐन तारुण्यातली वर्षं त्याने माल वाहणाऱ्या पट्ट्याशेजारी उभं राहून काढली होती. तिथला धर्म एकच: पट्टा थांबला की हिरवं बटण दाबायचं. कारण शोधायचं ते पुढच्या शिफ्टने.

मग कारखानाच थांबला. त्याला हिरवं बटण नव्हतं.

दिनानाथ पेणला आला, निम्म्या वयाच्या पोरांशेजारी बसून कॉम्प्युटर शिकला आणि आता रामवाडीत, टायरच्या दुकानावरच्या हितेशच्या छोट्याशा कंपनीत बिल्ड सांभाळत होता. हितेशकडची चार पोरं जेट्टीवरच्या वजनकाट्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायची. सगळ्यांनी लिहिलेले तुकडे एका मशीनवर गोळा करायचे, आधीचा कचरा झाडायचा, तुकडे जोडायचे, तपासायचे आणि गिऱ्हाइकासाठी बांधून ठेवायचे, या सगळ्याला म्हणायचं बिल्ड. मशीनने हे आपलं आपण करावं म्हणून दिनानाथने आज्ञांची लांबलचक स्क्रिप्ट लिहिली होती. सगळं सुखरूप झालं की पडद्यावर हिरवा दिवा, कुठे अडलं की लाल. गावी कोणी विचारलं, "दिना, तू नक्की करतोस काय?" तर तो सांगायचा, "पट्टा चालवतो." लोक म्हणायचे, "अजून?"

तो जानेवारीतला शनिवार होता, माल पाठवायचा दिवस, आणि दिवा सकाळपासून लाल होता.

फोन आला तो थोरल्या बहिणीचा, रंभाताईचा. धरमतरकडच्या मिठागरवाल्यांची ही लेक कोलाडच्या अलीकडे, भातवाल्यांच्या घरात दिली होती. दरवर्षी तिच्या शेतावर पोपटी लागायची: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, ओवा, जाडं मीठ, मडकं उपडं घालायचं आणि वरून जाळ. मीठ माहेरचं असायचं आणि मडकं भरायचा मान माहेरच्या माणसाचा. आधी बापाचा, त्याच्या मागे दिनानाथचा. गेली दोन वर्षं ऐन पोपटीच्या दिवशी बिल्ड पडला, दिवा लालच राहिला, दिनानाथ गेला नाही, आणि रंभाताईने दुकानातलं पिशवीचं मीठ वापरलं. ते तिला जेवढं झोंबलं तेवढं जखमेवरही झोंबत नाही.

"दिन्या, येतोस का नाय?"

"येतो गो ताई. एवढा बिल्ड हिरवा झाला की निघालोच."

"आमच्याकडं हिरव्या मिरचीचं लाल व्हतं. तुझं लालाचं हिरवं कधी व्हनार रे? आयक. यंदा नाय आलास तर मडकं विठूभावजी भरतील. आनि पुढल्या साली यायची तसदी पन घेऊ नको."

विठू हा तिचा धाकटा दीर. माणूस सोन्यासारखा, पण जाळाजवळ बसला की हातातली काठी गप्प राहत नसे. त्याने लावलेल्या पोपटीत अर्ध्या शेंगा कच्च्या आणि उरलेल्यांचा कोळसा. दिनानाथने पायाशी ठेवलेल्या मिठाच्या पुडीकडे बघितलं आणि घाम पुसला.

बिल्ड पडत होता तोही धड एका जागी नाही. एकदा म्हणे फाइल सापडत नाही. एकदा म्हणे फाइल दुसरं कोणीतरी वापरतंय. एकदा तर सगळं जोडून झाल्यावर फोल्डरच रिकामं. दिनानाथने मशीन बंद करून चालू केलं, वायर काढून फुंकून बसवली, व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रामला दोन शिव्या घातल्या. पोरंही काही परकी नव्हती.

"काका, मी परत चालवला हं," साहिल ओरडला.

"मी पण चालवलाय," केबिनमधून खुद्द मालक हितेश.

"मी कधीच चालवला," दिनानाथ म्हणाला. कोणी हात आखडता घेणारं नव्हतं. पेणकर माणसं शेजाऱ्याची स्कूटर सुरू होत नसली तरी चौघं मिळून किक मारतात.

शेवटी सगळे वैतागून खाली खानावळीत गेले. भाकरी आणि सुकटीचा रस्सा खाऊन वर येतात तो काय, दिवा हिरवा! साहिल नाचला. नाचता नाचता, एकदा खात्री करावी म्हणून त्याने बिल्ड पुन्हा चालवला. हितेशनेही केबिनमध्ये तीच खात्री केली. दिवा लाल, आणि बांधून तयार असलेला माल त्या खात्रीत झाडला गेला.

"साहिल्या!" दिनानाथ एवढं जोरात ओरडला की खाली टायरवाल्याच्या हातून पाना पडला.

कोपऱ्यात बसणारी सुरभी फारशी बोलायची नाही. ती म्हणाली, "काका, रागावू नका. आपण जेवायला गेलो तेव्हाच तो नीट चालला."

दिनानाथचा चेहरा घरात आपल्यावाचून स्वयंपाक उत्तम झाल्याचं ऐकलेल्या सासूसारखा झाला. त्याचा अंगठा बटणाकडे गेला. मग परत आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने थांबलेली वस्तू थांबलेलीच ठेवली आणि मशीनने केलेली नोंद वरून खाली वाचायला घेतली.

नोंदीत पंगत चालली होती. एक बिल्ड पानं वाढत होता आणि दुसरा मागून पत्रावळी उचलत होता. सगळ्यांचं फोल्डर एकच. जो येईल तो आधी झाडू मारणार. एरवी दिनानाथ एकटाच बिल्ड चालवायचा, तेव्हा काही बिघडत नसे. माल पाठवायच्या दिवशी सगळे मदतीला धावायचे आणि मदतीनेच घात व्हायचा. पण नोंदीतले बिल्ड सगळ्यांनी दाबलेल्या बटणांपेक्षाही जास्त निघाले. पाहतो तर स्क्रिप्टच्या तळाशी त्याचीच ओळ: बिल्ड पडला की आपोआप पुन्हा सुरू कर. कारखान्यातलं हिरवं बटण त्याने स्वतःच तिथे पुरून ठेवलं होतं. एक पडला की दुसरा उठत होता आणि उठताना तिसऱ्याला पाडत होता.

"मीच रे तो," दिनानाथ हळूच म्हणाला. सुरभीने पाण्याचा ग्लास पुढे केला.

त्याने ती ओळ काढली आणि वर नवी घातली.

"मोरीला कडी लावली," त्याने समजावलं. "एक आत असला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं."

"म्हणजे काका, आम्ही बादली घेऊन रांगेत?" साहिल म्हणाला.

"रांगेत पण नाय! पहिला बाहेर आला की तू आत शिरशील आणि परत झाडू मारशील. आज एकच बिल्ड. हिरवा झाला की माल आपोआप जाईल, तशीही ओळ घातलीय, आणि पोचला की फोनवर निरोप येईल."

त्याने बटण दाबलं. एकदाच. बिल्ड होऊन माल पोचेपर्यंत संध्याकाळ होणार होती. दिनानाथने मिठाची पुडी उचलली, दारापर्यंत गेला आणि वळून बघितलं. पाच माणसं मशीनभोवती उभी होती, आणि दहाही हातांत माया दाटून आली होती.

"चला," तो म्हणाला. "सगळे चला पोपटीला."

"अहो, आणि बिल्ड?" हितेश म्हणाला.

"त्याला एकांत हवाय. गाडी काढा."

हितेशच्या गाडीत साही जण कोंबून बसले आणि शेतावर पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. विठू मडकं मांडीत घेऊन बसला होता, पण पाल्याची टोपली रंभाताईने पदराआड धरून ठेवली होती. दिनानाथला बघताच तिने टोपली त्याच्यापुढे सरकवली.

त्याने पाला अंथरला, शेंगा भरल्या, थराथरावर माहेरचं मीठ सोडलं, तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडकं उपडं घातलं. जाळ धरला. विठू काठी घेऊन पुढे झाला.

"जरा हलवू काय?"

"हात मागे!" दिनानाथ गरजला. सवयीने पोरांनीही हात मागे घेतले. आणि त्याच वेळी त्याचा स्वतःचा हात खिशातल्या फोनकडे निघाला. फक्त बघायला. वाटलंच तर रामवाडीतलं बटण इथूनही दाबता येत होतं.

रंभाताईने तळवा पुढे केला. "दे हिकडं."

"अगो ताई, फक्त..."

"दे."

फोन तिच्या कमरेला गेला. दिनानाथ जाळापुढे बसला, हात काखेत दाबून. एकीकडे विठू, दुसरीकडे हितेश, सगळे तसेच. लांबून कोणाला वाटलं असतं, सुतकात बसलेत.

शिजलं का बघायला मडक्यावर पाणी शिंपडलं, चुर्र वाजलं. तेवढ्यात रंभाताईच्या कमरेला काहीतरी थरथरलं. ती दचकली.

"मेला, वाजला रे तुझा."

हितेश अर्धा उठला. दिनानाथने त्याला खाली ओढलं. "वाजू दे. आधी मडकं."

मडकं सुपात ओतलं. वाफेबरोबर ओव्याचा वास उठला. रंभाताईने एक शेंग सोलली, दाणा तोंडात टाकला, बराच वेळ चावला.

"मीठ बरोबर हाय," ती म्हणाली. मग पदराने डोळे पुसले, धुराला नावं ठेवली, कमरेचा फोन काढला आणि लांब धरून बघितला. "कायतरी हिरवं आलंय."

पोरांनी आरोळी ठोकली, शेतातले बगळे उडाले. दिनानाथ मात्र शेजारी बघत होता. विठू अजून हात मागे बांधून, विझत चाललेल्या जाळाकडे आशेने पाहत बसला होता. दिनानाथने काठी उचलून त्याच्या हातात दिली.

"घे. आता हलव."